हसत गेले

कुणी फोटो काढायला मोबाइल वर केला, की खेमकाका लगेच खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचे. गंमत अशी, की नाडीचे बूट त्यांनी कधी घातलेच नाहीत. उन्हाळ्यात रबरी चपला आणि थंडीत वेल्क्रोचे काळे बूट. तरी ते वाकायचे, नसलेल्या नाडीशी बोटांनी खुडबुड करायचे, आणि फोटोत त्यांच्या रंगीत ढाका टोपीचा शेंडा तेवढा यायचा. आमच्या ईराच्या ग्रॅज्युएशन पार्टीच्या अल्बममध्ये ते असे शेंड्यापुरतेच आहेत. "काका इज सो कॅमेरा शाय!" असं ईरा म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची खोड सापडली की तिच्यावर हसण्यात आपल्याला प्रेम केल्याचं समाधान मिळतं.

हॅरिसबर्गला आम्ही आलो ते माझ्या नवऱ्याच्या, अभयच्या कॉन्ट्रॅक्टमुळे. पेन्सिल्व्हेनियाची ही राजधानी. सरकारी खात्यांच्या कॉम्प्युटरांवर काम करणारे पुण्या-नागपुराकडचे लोक इथे पुष्कळ. आणि तितकेच, किंबहुना जास्तच, भूतानमधून आलेले नेपाळी बोलणारे लोक. ते गोदामांतून काम करतात, दुकानं चालवतात, घरं घेतात. आमच्या शेजारचं घर असंच एका मुलाने घेतलं आणि बायकोला आणि वडिलांना घेऊन तिथे राहायला आला. बायकोचं नाव सरिता. वडील म्हणजे खेमकाका. त्यांची बायको अमेरिकेला यायच्या आधीच निर्वासितांच्या छावणीत वारली होती.

पहिली भेट कुंपणावरची. मी मागच्या अंगणात उभी राहून ईराला कचऱ्याचे डबे आत आणले नाहीत म्हणून ओरडत होते. माझा आवाज हा आमच्या घराण्याचा वारसा आहे, त्यात माझा दोष नाही. कुंपणापलीकडून एक टोपी वर आली, तिच्याखाली सुरकुतलेला, डोळे मिटल्यासारखा चेहरा, आणि हातात मोहरीच्या पाल्याची भली मोठी जुडी.

"बहिनी!" ते म्हणाले. "आवाज एकदम हमारी पवित्रा का."

"पवित्रा कौन?"

"मेरी बहन. ऐसे ही चिल्लाती है. इस पहाड़ से चिल्लाए तो उस पहाड़ का गाय भी घर चला आता है."

जुडी माझ्या हातात देऊन ते गेले. मी घरात येऊन अभयला कौतुकाने सांगितलं, "अरे, शेजारचे काका मला वहिनी म्हणाले!" परदेशात कुणी आपणहून वहिनी म्हटलं की बरं वाटतं. त्यांना मराठी शब्द कुठून मिळाला, हा प्रश्न मला पडला नाही. आपली भाषा जगाला येतेच असं गृहीत धरणाऱ्यांपैकी मी. शिवाय त्यांच्या तोंडी 'व' नव्हताच. विमानाला ते बिमान म्हणत, विचाराला बिचार. तेव्हा वहिनीची बहिनी होणारच, असा मी हिशेब लावून टाकला.

भाषेनेच आमची गट्टी जमवली. एकदा अभय गवत कापत होता आणि रांग वाकडीतिकडी गेली. तो म्हणाला, जमीनच उंचसखल आहे. काका कुंपणावर कोपर टेकून बघत होते. म्हणाले, "नाच्न नजान्ने आँगन टेढो." आम्ही दोघं एकमेकांकडे बघायलाच लागलो. नाचता येईना अंगण वाकडे! हिमालयात आणि सह्याद्रीत नाचणाऱ्यांनी सारखीच सबब सांगितली होती तर. त्या दिवशी आम्ही इतके हसलो, की मला वाटलं या माणसाचं बोलणं आपल्याला पूर्ण कळतं.

मी त्यांना काका म्हणायला लागले. आता विचार करते तेव्हा वाटतं, आपण मराठी माणसं नात्यांचे शब्द फार सढळ हाताने वाटतो. रिक्षावाले काका, दूधवाले काका, भांडी घासणाऱ्या मावशी. मावशींना चहा देतो, पण कप वेगळा. शब्द दिला म्हणजे नातं द्यावं लागत नाही, ही आपली जुनी सोय आहे. मी ती सोय इथेही घेऊन आले होते.

काकांना त्यांच्या देशाबद्दल विचारलं की ते डाव्या हाताची मूठ वळून समोर धरायचे. "ये देखो हमारा देश." बोटांची हाडं वर आलेली, ती बर्फाची शिखरं. बोटांच्या मधल्या खाचा म्हणजे नद्या, सगळ्या उत्तरेकडून दक्षिणेला धावणाऱ्या. आणि नखं जिथे तळव्यात टेकतात तिथे हिंदुस्थानची सीमा. करंगळीपासून दुसऱ्या बोटाच्या नखावर उजव्या हाताने टिचकी मारून ते म्हणायचे, "यहाँ चिराङ. यहाँ मेरा घर." चिराङ हा त्यांचा जिल्हा. संत्र्याच्या आणि वेलदोड्याच्या बागा, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, खाली संकोश नदी. "हमारे यहाँ सपाट जगह एक ही है, बहिनी," आणि ते मूठ उघडून तळहात दाखवायचे. "ये. बाकी सब चढ़ो या उतरो."

एका उन्हाळ्यात आम्ही त्यांना समुद्र दाखवायला नेलं. ज्या देशाला कुठूनच समुद्र लागत नाही त्या देशात जन्मून, नंतर छावणीत आणि मग इथे, असं आयुष्य काढलेल्या माणसाने समुद्र पाहिला नव्हता. मला वाटलं होतं ते भारावतील. ते बराच वेळ बघत राहिले आणि हळहळून म्हणाले, "इतना सपाट जगह! और एक दाना नहीं उगता!" मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेले, ओंजळीतून एक घोट तोंडात घेऊन थुंकले आणि ईराला विचारलं, "हमारा संकोश का पानी इधर आता है?"

"नो काका, दॅट्स अ डिफरंट ओशन."

"पानी पानी को पहचानता है, बेटी. पहुँच जाता है." ईराने मोबाइल वर केला. काका वाकले आणि पाण्याखालच्या नसलेल्या बुटाची नसलेली नाडी बांधू लागले.

दरवर्षी भाऊबीजेच्या सकाळी ते आमच्याकडे यायचे. हे त्यांचं न चुकणारं. पहिल्या हिमातून वाचावी म्हणून गोणपाटाखाली जपलेली झेंडूची फुलं एका हातात, आणि दुसऱ्या हातात कवचासकट अक्रोड. अक्रोडाला ते ओखर म्हणत. इथल्या मराठी मंडळाचे विनयदादा त्या दिवशी आमच्याकडे असतात; मला सख्खा भाऊ नाही, तेव्हा मी त्यांनाच ओवाळते. एका वर्षी विनयदादा पाटावर बसलेले, निरांजन लागलेलं, ताट माझ्या हातात, आणि बेल वाजली. ताट तसंच हातात घेऊन मी दार उघडलं. दारात खेमकाका. त्यांनी ताटाकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, आत पाटावर बसलेल्या विनयदादांकडे पाहिलं.

"टीका?" त्यांनी विचारलं.

"हो, टीका. आज हमारा भाई-बहन का त्योहार है," मी त्यांना समजावून सांगितलं.

"हमारा भी है, बहिनी."

"हो का? सेम टू सेम!" मी म्हटलं. थंडी आत येत होती. मी फुलं आणि अक्रोड घेतले, अभयला हाक मारून फराळाचा डबा मागवला आणि त्यांच्या हातात दिला. ते तरी हलेनात. टोपी जरा मागे सारून कपाळ पुसल्यासारखं केलं आणि एक अक्रोड परत मागून घेतला. "एक इधर तोड़ दो ना. यहीं, दरवाज़े पे."

"अहो, इथे कशाला काका? थांबा, नटक्रॅकर आहे ना!" आणि मी आतून खरंच अडकित्त्यासारखा तो नटक्रॅकर आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "के गर्ने." म्हणजे 'काय करणार'. हे त्यांचं पालुपद होतं. पाऊस पडला, के गर्ने. मुलाची शिफ्ट बदलली, के गर्ने. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. त्या वर्षी अक्रोडांचा केक फार छान झाला होता.

मग विनयदादा आणि रश्मीवहिनी भूतानची टूर करून आले. नऊ रात्री, शुद्ध शाकाहारी, सोबत मराठी गाइड. आल्या आल्या मंडळात त्यांनी स्लाइड शो ठरवला. शीर्षक होतं 'आनंदाचा देश'. मी मंडळाची सांस्कृतिक सचिव. मला एकदम सुचलं आणि मी फोनवरच ओरडले, "दादा, आमच्या शेजारी चक्क भूतानचे काका राहतात! त्यांना आणते!"

"ग्रेट! ऑथेंटिक टच येईल प्रोग्रॅमला," विनयदादा म्हणाले.

काकांनी आधी टाळलं. मी हट्ट धरला. "बहिनी बुलाई तो आना पड़ता है," असं म्हणून ते तयार झाले. आले ते आपल्या ठेवणीतल्या पोशाखात: कडेला बंदांनी बांधायचा पांढरा सदरा, म्हणजे दौरा, चुडीदारासारखा सुरुवाल, वर कोट आणि टोपी. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. माझ्या मागच्या रांगेतून एक जण हळूच म्हणाला, "भूतानचे कसले, हे तर नेपाळी वाटतात. आमच्या सोसायटीतला बहादूर सेम टू सेम." दोघं-तिघं हसले. मला ऐकू आलं. काकांनाही आलं असणार, कारण बहादूर हा शब्द त्यांना परका नव्हता.

स्लाइड शो रंगला. डोंगराच्या कड्यावर चिकटलेला मठ, राजधानीत एकही ट्रॅफिक सिग्नल नाही, लोक गरीब पण चेहऱ्यावर समाधान. "आपल्याकडे पैसा मोजतात, तिथे आनंद मोजतात!" विनयदादा म्हणाले आणि टाळ्या पडल्या. काका पहिल्या रांगेत मान पुढे काढून प्रत्येक चित्राच्या मागचा डोंगर बघत होते. संत्र्याची झाडं एकाही चित्रात आली नाहीत. टूर दक्षिणेकडे जात नाही.

मग विनयदादांनी काकांना पुढे बोलावलं आणि पिशवीतून एक घो काढला. घो म्हणजे तिथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, वर खोचून कमरेला पट्ट्याने बांधायचा. त्यांनी तो आठवण म्हणून विकत आणला होता, पण तो कसा घालायचा ते त्यांना काही जमेना. "काका, तुम्हीच दाखवा आता! हा तुमचा नॅशनल ड्रेस आहे ना!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हसले: घाला ना. काय बघत होते ते माझ्याकडे, ते मला तेव्हा कळलं नाही आणि कळून घ्यायची तसदीही मी घेतली नाही. सगळा हॉल माझ्या कल्पनेवर खूश होता आणि मीही माझ्यावर खूश होते.

काकांनी कोट काढला, दौऱ्यावरून घो अंगावर घेतला आणि बघता बघता चुण्या करून, वर खोचून, पट्टा आवळून उभे राहिले. हात इतके सराईत, की हॉलने पुन्हा टाळ्या वाजवल्या. "आता फोटो!" मोबाइल वर झाले, एक ना दोन. काका वाकू लागले. पण घोमध्ये वाकणं सोपं नसतं, आणि विनयदादांनी प्रेमाने त्यांच्या खांद्याला धरून त्यांना सरळ केलं. "अहो काका, वर बघा! आनंदाच्या देशातले तुम्ही! स्माइल!" मुलांनी ते उचललं. "स्माइल, काका, स्माइल!" सगळा हॉल ओरडू लागला. मीही ओरडले. माझा आवाज सगळ्यांच्या वर होता.

आणि खेमकाका हसले. ओठ फाकून, वरचे दात दाखवून, रुंद, आज्ञाधारक हसले. फोटो निघेपर्यंत हसले, आणि निघाल्यावर कुणी थांबा म्हणेपर्यंत हसतच राहिले.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "काका, फोटो एकदम मस्त आला हं! उगाच लाजता."

तेव्हा त्यांनी सांगितलं. ते हिंदीत बोलत होते, मध्येच नेपाळीत घसरत होते, पण आवाज अगदी सरळ होता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे. हुकूम निघाला, की देशात सगळ्यांनी घोच घालायचा. दक्षिणेकडच्या नेपाळी बोलणाऱ्यांचा दौरा-सुरुवाल दिसला की शिक्षा. शेतात चिखलात उभं राहतानाही घो. मग शाळेतून त्यांची भाषा गेली. मग, तुम्ही इथले नाहीत. शेवटी एक दिवस कुटुंबासकट कचेरीच्या अंगणात बोलावलं आणि सांगितलं, आपल्या मर्जीने देश सोडून जातो म्हणून सही कर. काकांनी सही केली. बायको होती, कडेवर मुलगा होता, आणि त्या आठवड्यात सही न केलेल्या दोघांना काय झालं ते गावाने पाहिलं होतं.

"सही का डर नहीं था, बहिनी. सब ने किया. फिर साहब ने कैमरा निकाला. बोला, मर्जी से जा रहा है तो मुँह ऐसा क्यों? हाँस. हँसो. मैं हँसा. बोला, दाँत दिखाओ. मैंने दिखाया."

त्या अंगणाच्या कडेला पवित्रा उभी होती. तिच्या सासरच्यांची कागदपत्रं चालली, म्हणून तिला राहता येणार होतं. ती भावासाठी वाटेचा शिधा घेऊन आली होती. तिने सही पाहिली नाही, साहेब काय म्हणाला ते ऐकलं नाही. तिने एवढंच पाहिलं, की भाऊ नवा घो घालून उभा आहे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. पुढे कित्येक वर्षांनी फोनवर बोलणं सुरू झालं. गुडघे, संत्री, नातवंडं, सगळं बोलून झालं की फोन ठेवता ठेवता ती एकच वाक्य म्हणायची: "दाजु त हाँस्दै जानुभयो." दादा, तुम्ही तर हसत गेलात.

"तुम्ही तिला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"फोन पे? कौन सुनता है, पता नहीं. और क्या बोलूँ? बोलूँ कि तेरा दाजु डर गया था? बीवी-बच्चे के सामने दाँत दिखाके खड़ा था?" त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "भागना शरम नहीं है. हँसना शरम है."

घर आलं तरी ते उतरले नाहीत. म्हणाले, "तुम लोग इंडियन, तुमको रास्ता खुला है. मेरे को नहीं. कभी जाओ तो चिराङ जाना. पवित्रा को बोलना, दाजु हाँसेको होइन." दाजु हसला नव्हता, एवढाच निरोप.

"नक्की काका. नक्की," मी म्हणाले. नक्की हा शब्दही आपण सढळ हाताने देतो. घरात आले तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो आलेला होता. खाली विनयदादांनी लिहिलं होतं, 'आनंदाचा देश म्हणतात तो उगाच नाही!' आणि त्याखाली टाळ्यांची आणि हृदयांची रांग. मी विनयदादांना फोन करून सगळं सांगायला हवं होतं. फोटो काढायला लावायला हवा होता. पण कार्यक्रम माझा होता, कल्पना माझी होती, आणि ग्रुपवर अजून माझं कौतुक चाललं होतं. मी म्हटलं, उद्या बघू.

काका मात्र बदलले नाहीत. त्याही वर्षी भाऊबीजेला फुलं आणि अक्रोड घेऊन दारात उभे राहिले. मी या वेळी त्यांना आत बोलावलं, सोफ्यावर बसवलं, करंजी दिली, चहा दिला, स्वतःच्या चांगुलपणाने जरा सुखावले. विनयदादांना ओवाळताना ते बघत होते. अक्रोड मी टेबलावर काचेच्या बाउलमध्ये ठेवले. जाताना त्यांनी बाउलकडे एकदा पाहिलं, म्हणाले, "के गर्ने," आणि गेले.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. मुलगा दारात आला, पांढऱ्याफटक चेहऱ्याने. "आंटी, डू यू हॅव एनी फोटो ऑफ बुवा? वी डोन्ट हॅव इव्हन वन." बुवा म्हणजे त्यांच्या भाषेत वडील. सरकारी कार्डावरचा होता तो मोठा केला की चेहरा विरून जात होता. बाकी सगळ्या फोटोंत टोपीचा शेंडा. माझ्या मोबाइलमध्ये एकच होता. तो मी पाठवला. त्याला सांगावं, की हा लावू नकोस, तर मग दुसरा कुठला? आणि का नको, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. विनयदादांनी आपल्या खर्चाने तो मोठा करून, फ्रेम करून दिला. त्यांचं मन चांगलं आहे. घो दिसू नये म्हणून मुलाने फक्त चेहरा ठेवला होता. गळ्याशी पांढरी पट्टी तेवढी उरली होती.

तेराव्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या हसऱ्या चेहऱ्याला झेंडूचा हार घातलेला होता. येणारा जाणारा म्हणत होता, किती समाधानी दिसतात. आमच्या मंडळाचे लोकही आले होते. रश्मीवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "भाग्यवान हो. हसत गेले."

सरिता मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. खिडकीत ओखरांची एक टोपली होती. "ये आप रखिए," ती म्हणाली. "बुवा हर साल आपके लिए चुन के रखते थे. पतले छिलके वाले. हाथ न दुखे इसलिए."

"मला वहिनी म्हणायचे ना ते," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "पहिल्या दिवसापासून वहिनी."

सरिता गोंधळली. "वहिनी माने?"

"भाभी. भावाची बायको."

"वो तो हमारे में भाउजू." ती माझ्याकडे बघत राहिली. "बहिनी माने छोटी बहन, आंटी. बुवा आपको बहन बोलते थे."

मग तिनेच सांगितलं, सहज, जसं पोरीबाळींना सांगतात. त्या दिवशी बहीण भावाभोवती तेलाची धार धरून रिंगण काढते, ते यमाला ओलांडता येत नाही. आणि दारात, उंबऱ्यावर, एक ओखर फोडते. भावाची पीडा फुटते. बुवांना देश सोडल्यापासून कुणी टीका लावला नव्हता. समाजातल्या बायका बोलवायच्या, ते जात नसत. म्हणायचे, मला बहीण मिळालेली आहे, शेजारीच आहे, जरा अनाडी आहे, पण फोडेल कधीतरी.

मला आठवत होता तो नटक्रॅकर. स्टीलचा, चकचकीत, सेलमध्ये घेतलेला.

बाहेर फोन वाजला. पवित्राचा व्हिडिओ कॉल होता; तिकडे संध्याकाळ. सगळे कोचाभोवती जमले. पडद्यावर एक म्हातारी, नाकात सोन्याची फुली, मागे अंधारत चाललेला उतार आणि झाडं. तेच मिटल्यासारखे डोळे. ती मोठ्याने बोलत होती, आणि आवाज खरंच माझ्यासारखा होता. तिने विचारलं असावं, दाजु दाखवा. मुलाने फोन फोटोसमोर धरला.

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग हळू म्हणाली, "हाँस्दै जानुभयो दाजु."

"काय म्हणाल्या?" कुणीतरी विचारलं.

"हसत गेले म्हणते," मुलगा म्हणाला. आणि खोलीतल्या सगळ्यांनी, त्यांच्या आणि आमच्या, माना डोलावल्या.

"नहीं," मी म्हणाले. माझा आवाज मोठा आहे हे मी आधीच सांगितलं. सगळे वळले. मी मुलाच्या हातातून फोन घेतला. "दिदी, नहीं. दाजु हाँसेको होइन. उस दिन भी नहीं, इस फोटो में भी नहीं. उनको हँसाया गया था. वहाँ भी." कुणी हसवलं ते मी बोलले नाही, फोन होता, आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण पुढचं बोलणं भाग होतं. "और यहाँ हमने हँसाया. इसी तरह चिल्ला के. मैंने."

विनयदादा माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ते मी नंतर सांगणार होते, आणि सांगितलंही. पडद्यावर म्हातारीने पदर तोंडावर धरला. मग ती म्हणाली, "मैं हर बार ताना मारी. हर बार फोन पे." आणि पुन्हा, "हर बार." मग तिने पदर खाली घेतला, डोळे बारीक करून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम कौन?"

माझ्या मागे सरिता उभी होती. ती बोलायला लागली, "बुवाकी बहि..."

"पड़ोसन," मी घाईने म्हणाले. दुसरं नाव सांगायला एक तरी ओखर फोडलेला असायला हवा होता.